शनीची रेघ आणि देवरेकाकांची मोटर

माझी सगळी नोकरी लोकांच्या बोटांची सोय करण्यात गेली. सूक्ष्मदर्शकाच्या बाजूला नॉब असतो, तो फिरवला की नळी वरखाली होते. तो नॉब ना सैल ना घट्ट असा बसवायचा, हे माझं काम. सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही बायका रांगेने बसून हेच करायचो. कारखाना बंद पडला तशी मी गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत एका गाळ्यात दुरुस्तीचं काम सुरू केलं. आणि गेली काही वर्षं माझ्याकडे जास्तीत जास्त काम कसलं येतं, तर हौशी मंडळींच्या दुर्बिणींना मोटर लावून देण्याचं. म्हणजे ज्या बोटांसाठी जन्मभर राबले, त्यांनाच आता रजा द्यायची. देवालाही थट्टा कळते म्हणायची.

मी मखमलाबादकडची, माळ्याची मुलगी. आमचा फुलांचा मळा होता. शेवंती आणि झेंडू ओवून ओवून बोटं इतकी हलकी झालेली की कारखान्यात मुलाखतीला गेले तेव्हा साहेबांनी शिक्षण विचारायच्या आधी हात पुढे करायला सांगितले. एक बारीक स्क्रू चिमट्याशिवाय उचलून दाखव म्हणाले. मी उचलला आणि कामावर लागले. बाबा म्हणाले, "चला, फुलांनी पोरीचं भलं केलं." त्यांना वाटलं, मी कारखान्यात हार करायला चालले आहे.

आमच्या हॉलमध्ये तपासणीची एक पद्धत होती. नॉब बसवून झाला की डोळे मिटायचे आणि दोन बोटांनी फिरवायचा. डोळे उघडे असले की माणूस नळीकडे बघतो, बोटांकडे त्याचं लक्ष राहत नाही. दात कुठे अडतोय, ग्रीस कुठे कमी पडलंय, हे डोळे मिटले की लगेच कळतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या जणी डोळे मिटून बसलेल्या असायच्या. एकदा बाहेरगावचे पाहुणे कारखाना बघायला आले आणि आमची प्रार्थना चालू आहे असं समजून दारातच चपला काढून उभे राहिले. आम्ही कुणीच त्यांना खरं सांगितलं नाही.

तो हॉल मला अजून आठवतो. ग्रीसचा वास, पलीकडच्या टेबलावरून चाललेली कुणाच्या तरी सुनेची कथा, आणि हातातला नॉब लोण्यासारखा फिरला की पोटात होणारा तो एक आनंद. तसा आनंद मला पुढे कशातच मिळाला नाही. आता सूक्ष्मदर्शकातलं चित्र पडद्यावर दिसतं, नॉबला कुणी फार हात लावत नाही, आणि हात लावला तरी तो कसा फिरतो याची कुणाला पडलेली नसते. मला मात्र पडलेली असते. दवाखान्यात गेले तरी माझं लक्ष आधी त्यांच्या यंत्राच्या नॉबवर जातं.

दुर्बिणी माझ्याकडे अशाच ओळखीओळखीतून यायला लागल्या. काम तेच होतं. दुर्बिणीला डोळा लावायची जी भिंगाची डबी असते, तिला आयपीस म्हणतात. ती पुढेमागे सरकवणाऱ्या भागाला फोकसर म्हणतात आणि त्यालाही नॉबच असतो. तो फिरवत फिरवत चित्र स्पष्ट करायचं. एवढंसं काम, पण त्यात भल्याभल्यांची गाडी अडते.

नामपूरचे एक कांद्याचे व्यापारी होते. हौसेने मोठी दुर्बीण घेतली आणि महिन्याभरात गाडीत घालून माझ्याकडे आले.

"ताई, ही खराब हाय. तारा लय बारीक दिसू ऱ्हायला."

"बारीकच दिसणार, शेठ."

"नाय नाय, ह्यो गोल दांडा फिरवला की मोठ्ठा व्हतो. पार थाळीएवढा. पन मंग मधी भोक पडतं. भोक तेवढं बुजवून द्या."

मला हसू आवरेना. तारा थाळीएवढा दिसतो तेव्हा फोकस पार गेलेला असतो, आणि मधलं भोक म्हणजे नळीतल्या छोट्या आरशाची सावली. फोकस जितका बरोबर, तितका तारा बारीक दिसतो, अगदी सुईच्या टोकाएवढा. हे मी त्यांना दोनदा समजावलं. ते म्हणाले, बारीक तर नुसत्या डोळ्यांनीबी दिसतो, मंग दुर्बीण कशाला घेतली? मी त्यांना दिवेलागणीपर्यंत थांबवून ठेवलं आणि गुरू लावून दिला. मधे गोळा आणि बाजूला एका ओळीत चार ठिपके, त्याचे चंद्र. शेठांनी आयपीसला डोळा लावला. मग त्यांची घरातली बोली बाहेर आली. "हाई काय शे?" असं म्हणाले, आणि पुन्हा डोळा लावला. जाताना भोक बुजवायचं नाव त्यांनी काढलं नाही.

आता मोटर कशाला लागते ते सांगते. दुर्बीण शंभर-दोनशे पट मोठं दाखवते, त्यामुळे हाताचा धक्काही तेवढाच मोठा होऊन दिसतो. नॉबला बोट लागलं की आतला ग्रह थुईथुई नाचायला लागतो. नाच थांबला की कळतं, फोकस जरा पुढे गेला. पुन्हा हात लावायचा, पुन्हा नाच. म्हणून नॉबच्या जागी एक छोटी मोटर बसवतात आणि तिची दोन बटणं वायरने लांब आणतात, एक आत नेणारं आणि एक बाहेर आणणारं. दुर्बिणीला हात न लावता फोकस लागतो. फोटो काढणाऱ्यांना तर मोटरशिवाय चालतच नाही. आमच्या इथलाच एक तरुण इंजिनिअर गच्चीवर दुर्बीण ठेवतो आणि खाली दिवाणखान्यात वरण-भात खात फोनवरून फोकस लावतो. मी त्याला विचारलं, बाबा, तू वर कधी जातोस? म्हणाला, ढग आले की, झाकायला.

असो. आता देवरेकाकांकडे येते. हे सगळं लिहायला बसले ती त्यांच्यामुळेच.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर सुलभाकाकू माझ्या गाळ्यात आल्या. सत्तरीच्या, जाड भिंगाचा चष्मा, हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्या दुर्बिणीला मोटर लावायचीय. पण त्यांना कळता कामा नये."

"काकू, मोटर काय लपवता येणारी वस्तू आहे?"

"मग आरसा पुसायला आलेय म्हणून सांग. एकदा लावून टाकलीस की ते काढायला सांगणार नाहीत. भिडस्त आहेत."

काका भिडस्त वगैरे काही नव्हते. मी गच्चीवर जाऊन पिशवी उघडली, त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आरसा पुसायला मोटर लागते का हल्ली?" मी काकूंकडे बघितलं, काकूंनी कुंडीतल्या तुळशीकडे.

काका मनमाडला रेल्वेत होते. गाडी स्टेशनात उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकं वाजवत जायचं, हे त्यांचं काम. चांगलं चाक खणकन वाजतं आणि तडा गेलेलं बद्द वाजतं. त्यांची सगळी नोकरी हातावर आणि कानावर झालेली. दुर्बीणही त्यांनी स्वतः केली होती. आरशाची काच क्वार्टरच्या ओट्यावर बसून महिनोन् महिने घासलेली. आणि आता त्या माणसाचे हात कापत होते. कंपवात. उजवा हात तर मांडीवर ठेवला तरी ठरायचा नाही.

"गच्चीवर येणंच सोडलंय त्यांनी," काकू म्हणाल्या. काका तिथेच बसले होते, पण काकू बोलत होत्या माझ्याशी. "आणि यंदाच नेमकी ती रेघ आहे."

"कसली रेघ?"

मग काका बोलायला लागले. शनीभोवती कडं असतं, हे शाळेत आपण सगळेच शिकतो. ते कडं बहुतेक वर्षी आपल्याला तिरकं दिसतं, ताट कलतं धरल्यासारखं. पण काही वर्षांतून एकदा आपण त्याच्या बरोबर कडेच्या रेषेत येतो. मग कडं जातं आणि शनीच्या दोन्ही बाजूंना फक्त एक रेघ राहते, केसासारखी. फोकस जरा ढळला की ती रेघ पुसली जाते आणि नुसता गोळा उरतो.

"मागच्या खेपेला मनमाडला क्वार्टरच्या गच्चीवरनं बघितली होती आम्ही दोघांनी," काका म्हणाले. "तेव्हाच ठरवलं होतं, पुढची रेघ निवृत्त झाल्यावर निवांत बघायची. पंधरा वर्षं वाट बघितली. आणि आता हात हे असे."

"त्याच्या पुढची कधी?"

"आता तेरा-चौदा वर्षांनी." काका हसले. "तोवर आपण काही थांबत नाही."

"मग लावू ना मोटर?"

"नको. तो नॉब काढला तर ही दुर्बीण माझी राहणार नाही."

त्यांनी तो नॉब पितळेच्या तुकड्यातून कातून घेतला होता. वापरून वापरून त्याचे कंगोरे गुळगुळीत झालेले. मी सवयीने डोळे मिटले आणि दोन बोटांनी फिरवून पाहिला. काय सांगू? आमच्या हॉलमध्येसुद्धा असा नॉब क्वचितच जमायचा. मी डोळे उघडले तर काका माझ्याकडेच बघत होते.

"कळतं की तुला," ते म्हणाले.

मग मी त्यांना सांगितलं की नॉब काढणार नाही. फोकसरच्या दांड्याला दोन टोकं असतात. एका टोकाला तुमचा नॉब राहील, दुसऱ्या टोकाला मी छोटं चाक बसवेन आणि मोटरचा पट्टा त्यावर चढवेन. एक स्क्रू सैल केला की पट्टा उतरेल आणि दुर्बीण पुन्हा तुमच्या हातात. मोटर पट्ट्याशिवाय थेट दांड्याला जोडली असती तर काम सोपं आणि मजबूत झालं असतं, कोणताही कारागीर तसंच करेल. पण मग नॉब अडकून बसतो, हाताने फिरतच नाही. मला ते त्यांच्या बाबतीत करवेना.

चार-पाच दिवसांत मोटर बसली. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर काकांनी खुर्चीत बसून डोळा लावला, मी बटणांची डबी त्यांच्या हातात दिली, आणि माझं डोकं किती कमी चालतं ते मला तिथल्या तिथे कळलं. कापणारा अंगठा बटणावर ठेवला की तो बटण एकदा दाबत नाही, सारखा दाबत राहतो. नळी आत, बाहेर, आत, बाहेर. मोटर बिचारी हुकमाची ताबेदार. नॉब धरून जेवढं हललं नसतं त्याच्या दुप्पट हललं. काकांनी डावा हात वापरून पाहिला. तोही फितूर.

त्यांनी डबी काकूंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "झालं तुमचं समाधान? चला खाली, थंडी आहे."

खाली काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायला विसरल्या. बराच वेळ आम्ही तिघं थंड पातेल्याची वाट बघत बसलो. काका खुर्चीत बसले होते, हात मांडीवर थरथरत होता, आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळायला म्हणून त्यांच्या पायांकडे बघत होते. स्लीपर घातलेले पाय. ते अगदी शांत होते.

आमच्या कारखान्यात एक छोटा प्रेस होता, तो पायाने चालायचा. दोन्ही हात वस्तू धरायला मोकळे राहायचे. मी इतकी वर्षं तो चालवला आणि तो आठवायला मला थंड चहाची वाट बघावी लागली. मी ताडकन उठले. काकू म्हणाल्या, अगं चहा? मी म्हटलं, काकू, आधी गॅस पेटवा आणि तुम्ही दोघं घ्या, मी निघाले.

पायाची बटणं करायला अवघड नव्हती. लाकडी फळीवर दोन रुंद पट्ट्या, डाव्या पायाने आत, उजव्याने बाहेर. फळीखाली जाड रबर लावलं, म्हणजे पायाचा धक्का गच्चीच्या फरशीतून दुर्बिणीपर्यंत पोचणार नाही. मोटरचा वेगही कमी केला. इतका कमी, की त्या तरुण इंजिनिअरने पाहिलं असतं तर झोपला असता.

दुसऱ्या खेपेला काका गच्चीवर यायलाच तयार नव्हते. काकूंनी त्यांचं जाकीट आणून समोर धरलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी ते आले. आले आणि माझ्यावर खेकसले, "शिवणाचं मशीन केलं का माझ्या दुर्बिणीचं?" मी म्हटलं, हो, आता फॉल-पिको पण करून मिळेल. काकूंना हसू फुटलं आणि मग काकांनाही.

ते बसले. आयपीसला डोळा लावला. उजवा पाय हळूच दाबला. मोटर गुणगुणली. थांबले. डावा पाय. पुन्हा उजवा, अगदी टेकवल्यासारखा. आणि मग दोन्ही पाय पट्ट्यांवरून उचलून त्यांनी मागे घेतले.

"आली," ते म्हणाले.

मी तिथे उभी होते, पुढे जाऊन मला बघू द्या असं म्हणायचा धीर होईना. त्यांचा हात गुडघ्यावर थरथरत होता आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती. पुष्कळ वेळाने त्यांनी पुन्हा पाय पुढे केला आणि डावी पट्टी दाबली. मोटर बराच वेळ चालली. मला वाटलं, पाय चुकून पडला. मी म्हणणार होते, काका, फोकस जातोय. तेवढ्यात ते उठले.

"ये सुलभा. लावलंय."

काकू पुढे झाल्या. चष्मा काढून पदराशी धरला आणि डोळा लावला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "सुरेख. मनमाडला होती तशीच."

मग माझी पाळी आली. मी डोळा लावला तर आत धुरकट भोपळा. रेघ नाही, काही नाही. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला यात रेघ दिसली?"

"म्हणजे काय? सुईने काढल्यासारखी."

मी पुन्हा बघितलं. भोपळा. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्यांच्या चष्म्याचा नंबर मोठा असतो त्यांनी चष्मा काढून बघितलं, तर त्यांचा फोकस आपल्या फोकसच्या बराच आत लागतो. काकांनी स्वतःची रेघ बघून झाल्यावर ती मुद्दाम घालवली होती आणि नळी काकूंच्या डोळ्याच्या जागी नेऊन ठेवली होती. स्वतःला काही दिसत नसताना, अंदाजाने. मी तसं बोलून दाखवलं.

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काकांकडे बघितलं. "म्हणजे दर वेळी तुम्ही...?"

"मग? तुला दिसणार कसं?"

"मला वाटायचं, एकदा लागला की सगळ्यांना लागतो."

"तुझा नंबर वाढला की मला डॉक्टरच्या आधी कळायचं," काका म्हणाले. "नॉब थोडा जास्त फिरवायला लागायचा."

"इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी."

"त्यात बोलायचं काय? आमटीत मीठ घातलं की सांगतेस का तू?"

मी पट्टा तपासायचं निमित्त करून दुर्बिणीच्या पलीकडे गेले. खरं सांगते, मला त्या बाईचा हेवा वाटला. माझे यजमान टेम्पो चालवायचे. माणूस चांगला होता, कधी उलटून बोलला नाही, घरी आला की मुलांना बाहेर फिरवून आणायचा. पण माझ्या डोळ्याचा नंबर काय, हे त्यांना सांगता आलं नसतं. आणि त्यांचा मलाही ठाऊक नव्हता. जन्मभर मी परक्या डोळ्यांसाठी नॉब बसवत राहिले, आणि एका माणसाच्या डोळ्याशी आपली बोटं जुळवून घेता येतात हे मला कुणी सांगितलंच नाही. यजमान गेल्यावर आता कुणाला विचारणार? त्या संध्याकाळी घरी परत येताना मला त्यांची फार आठवण आली.

काकांनी त्याच संध्याकाळी, मी निघण्याआधी, मला एक काम सांगितलं होतं. काकू जिना उतरल्यावर हळूच म्हणाले, "तिच्या डोळ्याची जागा मोटरला पाठ करून देता येते का? एक बटण दाबलं की बरोबर तिथे जाऊन थांबेल असं? पुढच्या रेघेला ती एकटी असेल." मी म्हटलं येतं, आणि ते खरंच येतं, त्याचं वेगळं सर्किट मिळतं. मी ते मागवलंसुद्धा. पण बसवायला गेले तर काकूंनी मोटरची डबी उघडूच दिली नाही. "मी शिकतेय," म्हणाल्या. रोज दिवेलागणीला त्या स्वतः फळीवर पाय ठेवून बसायला लागल्या होत्या.

संक्रांतीच्या सुमारास त्यांचा फोन आला, मोटर नुसती घरघर करते, नळी हलत नाही. मी गेले. गच्च्यागच्च्यांवर पतंगांची धमाल चाललेली. बघते तर पट्ट्यात मांजा गुंडाळला गेला होता, कुठल्या तरी कटलेल्या पतंगाचा. चिमट्याने ओढून काढत बसले. काकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. काका खुर्चीत होते. मला तेव्हा दिसलं की त्यांचा उजवा पायही आता हलायला लागला होता.

सूर्य मावळला, पोरं पतंग उतरवायला लागली. शनी पश्चिमेकडे कलला होता. काही आठवड्यांनी तो मावळतीच्या उजेडात बुडणार आणि परत दिसेल तेव्हा रेघ जाड होऊन पुन्हा कडं व्हायला लागलेलं असेल.

काकूंनी चष्मा काढला आणि फळीवर पाय ठेवले. स्वतःची रेघ त्यांनी लगेच लावली, मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. थोडं बघितलं. मग उजवा पाय दाबला आणि दाबूनच ठेवला. मोटर गुणगुणत राहिली. आपली रेघ जाड होऊन पुसून जाईपर्यंत त्या बघत राहिल्या, त्यानंतरही किंचित थांबल्या आणि मग पाय उचलला.

"अहो, या."

काकू बाजूच्या खुर्चीवर सरकल्या आणि काकांनी त्यांच्या जागी बसून डोळा लावला. फोकस बरोबर होता, त्यांच्या तोंडावर लगेच दिसलं. पण आता त्यांची मानही ठरत नव्हती. डोळा आयपीसवरून सारखा निसटत होता. "दिसते," ते म्हणाले, "आणि जाते." पुन्हा प्रयत्न केला. "दिसते आणि जाते."

माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्याला मांजाचं टोक.

काकू उठल्या, त्यांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं. कानांच्या वर, घट्ट. त्यांना स्वतःला समोरचं काहीच दिसत नव्हतं, चष्मा बाजूच्या खुर्चीवर राहिला होता.

"आता?" त्यांनी विचारलं.

"थांबली," काका म्हणाले. "धरून ठेव."